आठवणीचा पेपर फुटला त्याची गोष्ट

महाळुंगे पडवळच्या एका आळीत मला माझ्या नावानं कोणी ओळखत नाही. तिथं मी 'नांगर-आरशाची बाई' आहे. माझी स्कूटी आळीच्या तोंडाशी आली की पिठाच्या गिरणीपाशी बसलेल्या बायकांपैकी कोणीतरी आत आवाज देतं, "आली गं नांगर-आरशाची बाई, म्हातारीला उठवून बसवा!" या नावाचा मला पूर्वी राग यायचा. चांगली मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई मी, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. पण ते नाव का पडलं आणि त्यात माझ्या हातून काय चुकलं, हे कळल्यापासून राग गेला. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

आधी काम काय ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते अजून नीट सांगता येत नाही. ती लोकांना सांगते, "आमची ताई म्हाताऱ्यांच्या परीक्षा घेती." पुण्याच्या एका संस्थेचं मेंदूवरचं संशोधन आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात चालतं. साठीच्या पुढची माणसं निवडायची, दरवर्षी त्यांच्या घरी जायचं, त्यांची आठवण, चाल, नजर, कान तपासायचे, रक्त घ्यायचं, आणि काहींना पुण्याला नेऊन मेंदूचा एमआरआय करायचा. तोही आजारी पडल्यावर नाही, धडधाकट असतानाच. विसरण्याचा मोठा आजार बाहेर दिसायला लागतो, त्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत त्याची सुरुवात झालेली असते, हे आता शास्त्रज्ञांना कळून चुकलंय. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, "पडलेली भिंत कोणालाही दिसते. आपल्याला भिंतीत ओल कधी शिरली ते बघायचंय." मी गवंड्याची मुलगी, मला ते चटकन कळलं.

पूर्वी माणूस गेल्यावरच त्याच्या मेंदूत काय बिघडलं होतं ते उघडून बघता यायचं. आता जिवंत माणसाच्या रक्ताच्या नळीतून मेंदूतल्या प्रथिनांचा माग काढता येतो. ऐकू कमी येणं, बीपी, साखर, एकटं पडणं, या सगळ्यांचा मेंदूशी संबंध आहे हेही पुढं आलंय. मी स्वतः काही शोध लावलेला नाही. मी ओसरीवर बसून प्रश्न विचारणारी बाई आहे. पण त्या शोधांना लागणारा कच्चा माल आमच्यासारख्यांच्या पिशवीतून जातो, आणि याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

एमआरआयला नेलेले एक बाबा मशीनमधून बाहेर आले आणि तंत्रज्ञाला म्हणाले, "आतला फोटू काढला म्हनता, मंग आमची म्हातारी दिसली का त्यात? धा वर्सं झाली जाऊन, पन माज्या डोक्यातनं काय जाईना." तंत्रज्ञ पुण्याचा, तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "दिसली बाबा. तुमची वाट बघतीय, पण घाई नाय म्हणाली."

काम शिकले तेव्हा सरावासाठी पहिला फॉर्म मी माझ्या वडिलांचा भरला. वडील शाळेत गेले नव्हते. पण नुसत्या नजरेनं भिंत बघून किती विटा लागतील ते सांगायचे आणि दोन-चार विटांपलीकडं चुकत नसत. कागदावरचे प्रश्न मात्र शिकलेल्या माणसांनी शिकलेल्या माणसांसाठी केलेले. आजची तारीख सांगा, या आकृतीसारखी आकृती काढा, हे वाक्य लिहा. पेन्सिल हातात दिल्यावर वडिलांनी ती थापीसारखी धरली. गुणांची बेरीज केली तर त्या कागदाप्रमाणे माझे वडील विसरण्याच्या आजाराचे रोगी ठरत होते. ते हसले आणि म्हणाले, "लिही ना खरं काय ते. मी कुठं शाळंत गेलोय." मी त्या रात्री जेवले नाही.

तिथून माझं भांडण सुरू झालं. कागदाशी भांडण. ओझरच्या देवळापाशी दुर्वा-फुलं विकणाऱ्या एका आजींना मी तारीख विचारली, तर त्या म्हणाल्या, "तारीख तुमच्या मोबाइलला इचारा. परवा संकष्टी झाली, म्हंजी आज षष्ठी. लई गर्दी व्हती बया, दुर्वा पुरल्या न्हाईत." नियमाप्रमाणे याला शून्य. मी डॉक्टर मॅडमना म्हटलं, या बाईला आज पंधरवड्यातला कितवा दिवस हे कळतंय, परवा काय झालं ते कळतंय, आणि आपण तिला शून्य देणार? मॅडम ऐकून घेणाऱ्या आहेत. तिथीला पूर्ण गुण मिळायला लागले. सहीऐवजी अंगठा देणाऱ्यांसाठी आकृती काढण्याऐवजी काड्या मांडायचा प्रश्न आला. ज्यांनी पाटी हातात धरली नाही, त्यांच्या मेंदूचं माप घ्यायची पद्धत आमच्या भागात अशी भांडत-भांडत तयार झाली.

सगळीच माणसं गरीब सापडतात असं नाही. जुन्नरच्या बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार, राजस्थानातून त्यांचे पणजोबा आलेले, आम्ही त्यांना शेठकाका म्हणायचो. त्यांनी अटच घातली. "बाई, आधी मी तुमची परीक्षा घेणार." आणि एका गिऱ्हाइकाची वीस जिनसांची यादी त्यांनी एका दमात म्हटली. "आता म्हणा." मला आठ आल्या. त्यांनी वीसच्या वीस म्हटल्या, उलट्या क्रमानं. "बी.ए. झालात ना?" म्हणाले, आणि मला गुळाचा खडा दिला. चार वर्षांनी तेच शेठकाका गल्ल्यावर बसून मला दर पाच मिनिटांनी विचारत होते, "ताई, तुमची यादी दिली का?" मी दर वेळी म्हणायचे, "देते काका." असा उलटा न फिरणारा आजार मी पुष्कळ घरांत बघितलाय. त्यावर आमच्याकडे आज फार काही नाही, हे मी कोणाला खोटं सांगत नाही.

आता नांगर-आरशाकडे येते.

आमच्या तपासणीत पाच शब्दांचा एक भाग होता. नांगर, आरसा, हळद, पैंजण, चाळण. मी हे शब्द सावकाश म्हणायचे, समोरच्यानं ते परत म्हणायचे, मग दहा-एक मिनिटं दुसरं काही विचारायचं आणि अचानक म्हणायचं, मघाशी मी कोणते शब्द सांगितले होते? जेवढे आठवतील तेवढे गुण. मदत करायची नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. आणि सगळ्यांना, दरवर्षी, तेच पाच शब्द. म्हणजे यंदाचे गुण गेल्या वर्षीशी ताडून बघता येतात.

शहरात हे जमत असेल. तिथं फ्लॅटची दारं बंद असतात. आमच्याकडे भरदिवसा दार लोटलेलं दिसलं की कोणी आजारी आहे का म्हणून शेजारी चौकशीला येतात. मी एका आजींना ओसरीवर बसवून प्रश्न विचारायचे तेव्हा सात-आठ जणी कुडाला टेकून ऐकत असायच्या. "चाळण राह्यली की गं म्हातारे, चाळण!" असं मागून कोणीतरी ओरडायचं. मी डोळे वटारले की "आमी कुठं काय बोललो," म्हणत तोंडाला पदर लावायच्या. पहिल्याच वर्षी गिरणीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्या आळीला ते पाच शब्द पाठ झाले. बोर्डाचा पेपर फुटावा तसा आमच्या संशोधनाचा पेपर फुटला, आणि मला पत्ता नव्हता.

लोकांनी ती परीक्षाच समजून घेतली होती. कोणाला किती पडले याची चर्चा व्हायची. एक तात्या माझ्यावर रुसले, कारण त्यांच्या भावजयीला पाच आणि त्यांना चार. "तिला चवथीतनं काढलीय, मी सातवी पास हाय. तुमच्या तपासण्यात गडबड हाय, बाई." आणि गिरणीपाशी आणखी एक गोष्ट जन्माला आली: जे पडतात त्यांना गाडीत घालून पुण्याला नेतात आणि वेड्यांच्या दवाखान्यात ठेवतात. आमची एमआरआयची गाडी यायची, माणसं घेऊन जायची, संध्याकाळी परत आणून सोडायची. परत आणलेलं कोणी सांगितलं नाही, नेलेलं तेवढं सगळीकडं पसरलं.

त्या आळीच्या शेवटी अंजनाबाईंचं घर. सत्तरीच्या पुढच्या, नवरा गेलेला, चार शेळ्या, एक मुलगा संपत, तो पिकअप गाडीतून टोमॅटो बाजाराला न्यायचा, आणि सून सुरेखा. पहिल्या वर्षी अंजनाबाईंनी मला तासभर हैराण केलं. "एवढी शिकली आन म्हाताऱ्यान्ला शबुद इचारीत हिंडती व्हय?" पाचपैकी चार शब्द आले. पैंजण राहिलं. मी उत्तर सांगायचं नसतं, पण शेवटी मागून सुरेखानंच म्हटलं, "पैंजण, आत्या." तशा अंजनाबाई म्हणाल्या, "त्ये सासूनं कधी घालू दिलं न्हाई, याद कसं ऱ्हाईल?" सगळी ओसरी हसली.

दुसऱ्या वर्षी गेले तेव्हा त्या खाटेवर बसून होत्या. सुरेखा दारात उभी. वार बरोबर, महिना बरोबर, गाव बरोबर. पाच शब्द, पाचही बरोबर, क्रमानं. चालायची तपासणी असते, अंगणात दोरी टाकून तेवढं अंतर किती वेळात चालतात ते बघायचं. त्यात गेल्या वर्षीपेक्षा बराच वेळ लागला आणि डाव्या पायातली चप्पल मागं राहिली. सुरेखानं पटकन वाकून ती त्यांच्या पायात सरकवली.

"गुडगा धरलाय त्यांचा," ती म्हणाली.

मी लिहिलं, गुडघेदुखी. खाली पाचपैकी पाच लिहिलं, सही केली, आणि जाता जाता मोठ्यानं म्हटलं, "आजी, यंदा तुम्ही पैल्या नंबरात!" माझे फॉर्म आमच्या केंद्रात सगळ्यात स्वच्छ असतात, एकही रकाना रिकामा नसतो, असं माझं नाव होतं. त्या दिवशीही एकही रकाना रिकामा नव्हता. फक्त अंजनाबाईंनी मला एकही टोमणा मारला नव्हता. त्याला आमच्या फॉर्मात रकाना नव्हता, आणि मी तो माझ्या डोक्यातही ठेवला नाही.

आठ दिवसांनी मी आणि इक्बालभाई रक्त घ्यायला गेलो. इक्बालभाई आमच्या केंद्रात रक्ताचं काम बघतात. जुन्नरच्या गादी-उशा शिवणाऱ्यांच्या घरातले, हात इतका हलका की म्हातारी माणसं विचारतात, "टोचलं का अजून न्हाई?" सकाळची वेळ होती. अंजनाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आजी, ओळखलं का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी नजर समोर ठेवून म्हणाल्या, "नांगर, आरसा, हळद, पैंजण, चाळण."

इक्बालभाई हसले. "आजी, आज पेपर नाय. आज निस्तं रक्त."

"आजी, काय खाल्लं-प्यालं नाही ना सकाळपासून?"

"नांगर, आरसा, हळद, पैंजण, चाळण."

"सुरेखा कुठं गेली?"

"नांगर," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मान एका बाजूला कलली होती.

इक्बालभाईंचं हसू गेलं. मी आयुष्यात कितीतरी माणसांना शब्द विसरताना बघितलं होतं. शब्द तेवढे राहिलेत आणि बाकी सगळं गेलंय, असं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

सुरेखा शेळ्यांच्या गोठ्यात होती. हाक ऐकून आली, सासूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हातातली पाटी खाली ठेवून तिथंच बसली. रडायलाच लागली.

"मीच पाठ करून घेतलं, ताई. रोज सकाळ-संध्याकाळ. वारबी शिकवला, महिनाबी शिकवला. त्या सारख्या झोपत्यात. परवा चुलीत तपेली घातली, लाकूड समजून. लोकं म्हनत्यात, नापास झालं की पुन्याला कोंडून ठिवत्यात. आन आमच्यात काय म्हनतील ठावं हाय का? सुनंनं सासूला याड लावलं."

"कधीपासून असं?"

"गोठ्याला जाळी मारली ना, तवापासनं म्हना."

बिबट्यानं शेजारची शेळी नेल्यावर संपतनं उघडा गोठा लोखंडी जाळीनं बंद करून घेतला होता आणि येण्याजाण्याला छोटं दार ठेवलं होतं. त्या दाराच्या वर लोखंडी पट्टी. मी जाऊन उभी राहिले. पट्टी माझ्या कपाळाशी आली. अंजनाबाई माझ्यापेक्षा उंच. चाळीस वर्षं त्या गोठ्यात सरळ चालत गेलेली बाई ती.

"डोकं आपटलं होतं का त्यांचं?"

"एकदा आपटलं व्हतं. पन रगत न्हाई आलं. उलसं टेंगूळ आलं, हळद लावली. महिना झाला की त्याला."

इक्बालभाई तोवर खिडकीतल्या गोळ्या बघत होते. ते रक्त घेण्याआधी नेहमी गोळ्या बघतात. एक पाकीट हातात घेऊन ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, हार्टसाठी ह्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मी बारकी सुई टोचली तरी मला पाच मिन्टं कापूस दाबून धरावा लागंल. आत काय फुटलं असंल तर तिथं कापूस कोन दाबनार?"

मी डॉक्टर मॅडमना फोन लावला. आपटलेलं डोकं, पातळ रक्ताची गोळी, झोप, ओढला जाणारा पाय, सगळं सांगितलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आजच स्कॅन. उद्या नाही. आणि रिकामं पोट राहू दे."

घरची गाडी आणि घरचा होकार, दोन्ही संपतकडं. फोन केल्यावर तो दुपारी बाजारातून आला. गाडीत रिकामे क्रेट. मी दारातच सांगायला सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं, डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि म्हणाला, "ताई, वय झालं आता आईचं. आमची आजीबी अशीच करायची शेवटाला. डोक्याचं आपरेशन म्हंजी... कोन वाचतं राव त्यातनं? शांतपनी जाऊ द्या तिला."

"संपतभाऊ, म्हातारपण महिनाभरात येत नाही. मागच्या वर्षी ह्याच ओसरीवर त्यांनी माझी खिल्ली उडवली होती."

"आन आठ दिवसांमागं पाचपैकी पाच दिले ते कोनी? तुमीच ना? पैल्या नंबरात म्हनला. माज्या घरच्यांनी फोन करून सांगितलं मला. तुमच्याच कागदावर आई चांगली हाय. तुमचीच सही हाय."

माझ्या पिशवीत तो कागद होता. सगळे रकाने भरलेला, स्वच्छ, माझ्या सहीचा. शिकले नसते तर तो कागदही नसता, असं क्षणभर वाटून गेलं. मी म्हटलं, "ते मार्क चुकीचे आहेत. चूक माझी आहे."

"मंग आत्ता सांगताय ते तरी बरोबर कशावरनं?"

तो रागावला नव्हता, खरंच विचारत होता. आणि त्याचं बरोबर होतं. कागदानं एकदा फसवलंय म्हटल्यावर कागदवालीवर विश्वास का ठेवायचा?

तेव्हा सुरेखा पुढं आली. माझ्या माहितीत ती नवऱ्यापुढं मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती. "ताईंची चूक न्हाई," ती म्हणाली. "खोटं मी केलं. आत्याला काय येत न्हाई, महिन्यापासनं. तुमी बाजारात असता, तुमाला दिसत न्हाई. त्या मला सुरेखा म्हनत न्हाईत आता. मला काय म्हनून हाक मारायची त्ये इसारल्यात. मी तुमाला बोलले न्हाई. आता काय बोलायचं त्ये बोला मला, पन आधी गाडीत घाला त्यान्ला."

संपत वळला आणि गाडीतले क्रेट खाली उतरवायला लागला. इक्बालभाई मदतीला गेले. सुरेखानं गादी आणली. अंजनाबाईंना आडवं केलं तेव्हा त्या आभाळाकडं बघत होत्या, आणि ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते आम्हा चौघांनाही माहीत होतं. कोणी ऐकायला वाकलं नाही.

नारायणगावला सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट मॅडमच्या फोनवर गेला आणि पाच मिनिटांत उलटा फोन आला. कवटी आणि मेंदू यांच्या मधल्या फटीत रक्त साचलं होतं. थेंब-थेंब करत महिनाभर साचत गेलेलं. त्यानं मेंदू एका बाजूला रेटला होता. म्हाताऱ्या माणसांत हे होतं, साध्या आपटण्यानंही होतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते थेट म्हातारचळासारखं दिसतं. फरक एवढाच, की वेळेत सापडलं तर हे परत फिरतं. पुण्याला सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी कवटीला दोन भोकं पाडून ते रक्त काढलं.

तिसऱ्या दिवशी मी केंद्रात बसले होते तर सुरेखाचा फोन. मला आधी नुसता हुंदका ऐकू आला. मग ती म्हणाली, "ताई, मघाशी डोळं उघडलं आन मला म्हनल्या, 'सुरेखे, शेळ्यान्ला पानी कोनी पाजलं?'" मी ते मोठ्यानं परत म्हटलं. इक्बालभाईंनी माझ्या हातातून फोन घेऊन तिला विचारलं, "आगं पन खरंच, पाजलं का कोनी?"

अंजनाबाई दवाखान्यात असतानाच मी त्या फॉर्मावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'हे गुण धरू नयेत', आणि खाली काय घडलं ते दोन पानं भरून लिहिलं. पाठ करून घेतलेले शब्द, मागं राहिलेली चप्पल, न मारलेला टोमणा. नोकरी जाईल असं वाटत होतं. नवऱ्याला तसं सांगूनही ठेवलं होतं. गुरुवारी डॉक्टर मॅडम जुन्नरला आल्या, दोन्ही पानं वाचली आणि म्हणाल्या, "हे तुम्ही पुण्याच्या बैठकीत वाचाल का?" मी वाचलं. मोठे मोठे डॉक्टर समोर, आणि मी माझ्या आंबेगावच्या बोलीत गिरणीपाशी पेपर कसा फुटला ते सांगत होते. आधी हसले, मग कोणी हसलं नाही.

त्यानंतर आमची पद्धत बदलली. शब्दांच्या याद्या चार झाल्या आणि दरवर्षी फिरायला लागल्या. घरच्या माणसाला आम्ही वेगळं, घराबाहेर, विहिरीवर नाहीतर शेताच्या बांधावर गाठून विचारतो, कारण सासू समोर असताना कोणती सून म्हणेल की हिला काही कळत नाही? आणि फॉर्मात शेवटी एक रकाना आला: 'गेल्या वेळेपेक्षा माणूस वेगळं वाटलं का? काय वेगळं?' त्यात टोमणेही लिहिता येतात. हा रकाना माझा आहे, असं मी नव्या मुलींना शिकवताना सांगते. आणि तो कसा आला तेही सांगते.

त्या आळीतल्या सगळ्यांची आम्ही पुन्हा तपासणी केली. पाठ करून पाच मिळवणाऱ्यांत आणखी एक आजोबा निघाले. त्यांचा आजार मात्र न परतणाराच होता. वर्षभर आधी कळलं असतं तर घरच्यांना समजून घ्यायला वेळ मिळाला असता, एवढी खंत मला आहे आणि राहील.

बाकी मी या लोकांच्या उपकारात आहे. आमच्याकडून त्यांना काय मिळतं? औषध नाही, बक्षीस नाही. तरी दरवर्षी कामं सोडून बसतात, हात पुढं करून रक्त देतात, वर मला चहा पाजतात. त्यांच्या मेंदूची माहिती उद्या कोणाच्या तरी नातवाला उपयोगी पडेल, एवढं सांगितलं की म्हणतात, "मंग घ्या की." आणि सुरेखाची तर मी आयुष्यभराची ऋणी. भर अंगणात, नवऱ्यापुढं, स्वतःवर ओढून घेऊन तिनं खरं सांगितलं नसतं तर माझी सही एका बाईच्या मरणाचा पुरावा झाली असती.

पुढच्या वर्षी मी नवी यादी घेऊन अंजनाबाईंकडे गेले. सुरेखानं मला बघितल्याबरोबर चहाचं आधण उतरवलं, "मी शेतावर चालले, ताई, मला काय ऐकायलाच नको," म्हणाली आणि खरोखर निघून गेली. ओसरीवर आम्ही दोघीच. मी पाच शब्द सांगितले. मध्ये दुसरे प्रश्न झाले. अंजनाबाईंनी माझ्या केसांना नावं ठेवली, माझ्या स्कूटीला नावं ठेवली. मग मी शब्द विचारले. एक आला. बऱ्याच वेळानं दुसरा. तिसऱ्यासाठी त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि तोही आला. पुढं काही येईना. मी मान हलवली नाही, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. नियम तो नियम.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

"तीन, आजी."

"मागल्या बारीला तर पाच व्हतं म्हनं."

"ते सुरेखाचे होते."

"आन ह्ये तीन?"

"हे तुमचे."

मी पेन हातात धरून तशीच बसले होते. त्यांनी कागदावर बोट आपटलं.

"मंग ल्ही की. भितीस कशाला?"